एफए कप १९००-०१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या एफए कप (फुटबॉल असोसिएशन कप) या फुटबॉल स्पर्धेचा हा तिसावा हंगाम. साउथ लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर अंतिम सामना बरोबरीत सुटला, आठवड्याने उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टनला फेरसामना झाला आणि फुटबॉल लीगमध्ये नसलेल्या टॉटनहॅम हॉटस्परने कप जिंकला. या हंगामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हा कप १९०० चा म्हणायचा की १९०१ चा?

हंगाम १९००-०१, कप १९०१ चा. पात्रता फेऱ्या १९०० च्या शरद ऋतूत सुरू झाल्या आणि अंतिम सामना २० एप्रिल १९०१ ला झाला. इंग्रजी नोंदींमध्ये 'फायनल'ला नेहमी दुसऱ्या वर्षाचं नाव मिळतं. नुसतं '१९०० ची फायनल' म्हटलं की तो आधीचा हंगाम होतो, ज्यात बरीने साउदॅम्प्टनला ४-० हरवलं. ही गल्लत फार वेळा होते. लिहिताना हंगाम आणि सामन्याची तारीख दोन्ही द्यावं, म्हणजे घोळ होत नाही.

स्पर्धेची रचना कशी होती?

लहान क्लब पात्रता फेऱ्यांमधून वर यायचे आणि मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ३२ संघ असायचे. तिथून पुढे हिशोब सरळ : पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम सामना. तेव्हाची 'तिसरी फेरी' म्हणजे शेवटचे आठ संघ, म्हणजेच आजची उपांत्यपूर्व फेरी. जुन्या बातम्यांत 'तिसऱ्या फेरीत बाद' असं वाचलं की क्लब लवकर हरला असं वाटतं. प्रत्यक्षात तो शेवटच्या आठांत पोचलेला असतो.

प्रत्येक फेरीची वेगळी सोडत निघे. ज्याचं नाव आधी निघेल त्याच्या मैदानावर सामना. बरोबरी झाली तर दुसऱ्या संघाच्या मैदानावर फेरसामना, तोही बहुधा त्याच किंवा पुढच्या आठवड्यात. उपांत्य आणि अंतिम सामने तटस्थ मैदानावर. पेनल्टी शूटआउट नव्हतं. मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे मधल्या वारी होणारा फेरसामनाही दुपारीच, कामाच्या वेळेत खेळवावा लागे.

पहिली फेरी इतकी उशिरा, फेब्रुवारीत का झाली?

ती २६ जानेवारी १९०१ ला ठरली होती. २२ जानेवारीला राणी व्हिक्टोरियाचं निधन झालं आणि सामने ९ फेब्रुवारीवर गेले.

टॉटनहॅम लीगमध्ये नव्हता. म्हणजे तो हौशी, छोटा क्लब होता का?

अजिबात नाही, आणि या हंगामाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

'फुटबॉल लीग' १८८८ मध्ये सुरू झाली ती उत्तर इंग्लंड आणि मिडलंड्समधल्या बारा क्लबांची. दक्षिणेतल्या व्यावसायिक आणि हौशी क्लबांनी १८९४ मध्ये आपली वेगळी सदर्न लीग काढली. टॉटनहॅमने १८९५ च्या अखेरीस व्यावसायिक खेळाडू घ्यायला सुरुवात केली, १८९९ मध्ये तो पुढे व्हाइट हार्ट लेन म्हणून गाजलेल्या मैदानावर आला आणि १८९९-१९०० ची सदर्न लीग त्याने जिंकली. हा पगारी खेळाडूंचा, मोठी गर्दी खेचणारा संघ होता.

सदर्न लीगच्या ताकदीमागे एक व्यवहाराचं कारण आहे, आणि ते समजलं की बाकीचं कोडं सुटतं. फुटबॉल लीगमधला खेळाडू लीगच्याच दुसऱ्या क्लबात जायला निघाला, की जुना क्लब त्याची नोंदणी अडवून धरू शके आणि बदलीची रक्कम मागू शके. सदर्न लीगला ही नोंदणी लागू नव्हती. त्यामुळे एव्हर्टन किंवा प्रेस्टनचा चांगला खेळाडू दक्षिणेत आला तर नव्या क्लबाला जुन्या क्लबाला काही द्यावं लागत नसे. वाचलेला पैसा खेळाडूच्या खिशात जाई. त्या हंगामापर्यंत पगारावर मर्यादाही नव्हती. आठवड्याला कमाल चार पौंडांचा नियम १९०१-०२ पासून लागू झाला.

म्हणून टॉटनहॅमच्या विजयाला 'चमत्कार' म्हणणं त्या संघावर अन्याय आहे. आदल्याच वर्षी साउदॅम्प्टन, तोही सदर्न लीगचाच, अंतिम सामन्यात पोचला होता. १९०२ मध्ये तो पुन्हा पोचला. सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात सदर्न लीगचा एक संघ होता. योगायोग इतका नेमाने येत नाही.

संघात कोण कोण होतं?

अंतिम सामना आणि फेरसामना, दोन्हींत हेच अकरा : गोलरक्षक जॉर्ज क्लॉली, फुलबॅक हॅरी एरेंट्झ आणि सँडी टेट, हाफबॅक टॉम मॉरिस, टेड ह्यूज आणि कर्णधार जॅक जोन्स, पुढे उजवीकडून डावीकडे टॉम स्मिथ, जॉन कॅमेरॉन, सँडी ब्राउन, डेव्हिड कोपलंड आणि जॉन किरवान.

पाच स्कॉटिश, तीन इंग्लिश, दोन वेल्श, एक आयरिश. लंडनचा एकही नाही. हे लंडनच्या क्लबाचं यश आहे, लंडनच्या मुलांचं नाही, असं तेव्हाही बोललं जाई.

सगळ्यात महत्त्वाचा माणूस कॅमेरॉन. तो एकाच वेळी खेळाडू, व्यवस्थापक आणि क्लबाचा सचिव होता. त्याआधी एव्हर्टनकडून खेळलेला आणि १८९८ मध्ये निघालेल्या खेळाडूंच्या संघटनेचाही सचिव. कोणता खेळाडू कुठे नाराज आहे आणि कोण दक्षिणेत यायला तयार होईल, हे त्याच्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल.

हे १-२-३-५ काय आहे? आजच्या जागांशी कसं जुळवायचं?

एक गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. मधला हाफबॅक हा संघाचा कणा. तो बचावही करायचा आणि चढाईही सुरू करून द्यायचा. दोन 'विंगर' रेषेला चिकटून पळत आणि मधल्या फॉरवर्डच्या डोक्यावर चेंडू टाकत. ब्राउनचे हेडर समजायचे तर किरवान आणि स्मिथ कडेने काय करत होते ते आधी पाहावं.

टॉटनहॅम अंतिम सामन्यापर्यंत कसा पोचला?

पहिल्या फेरीत ९ फेब्रुवारीला घरच्या मैदानावर प्रेस्टन नॉर्थ एंडशी १-१ बरोबरी. इथेच सगळं संपू शकलं असतं, कारण फेरसामना प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर होता. १३ फेब्रुवारीच्या त्या सामन्यात ब्राउनने तीन आणि कॅमेरॉनने एक गोल केला आणि टॉटनहॅम ४-२ जिंकला.

दुसऱ्या फेरीत गतविजेता बरी. २-१, दोन्ही गोल ब्राउनचे.

तिसऱ्या फेरीत सदर्न लीगचाच रेडिंग, आणि ओळखीचा संघ नेहमीच जास्त छळतो. रेडिंगला १-१, किरवानचा गोल. २८ मार्चच्या फेरसामन्यात ३-०.

उपांत्य सामना ८ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर वेस्ट ब्रॉमविच आल्बियनशी. ४-०, आणि चारही गोल ब्राउनचे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. प्रेस्टन आणि वेस्ट ब्रॉमविच हे दोन्ही संघ त्याच हंगामात पहिल्या श्रेणीतून खाली घसरले. सोडतीने टॉटनहॅमला थोडी साथ दिली हे खरं. पण बरीचा संघ त्या वर्षी लीगमध्ये पाचवा होता आणि अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी तर कप स्पर्धांत मुरलेला होता.

शेफील्ड युनायटेड किती ताकदीचा होता?

लीगमध्ये त्या हंगामात अठरा संघांत चौदावा. तो आकडा पाहून फसू नये. हाच संघ १८९८ मध्ये लीग विजेता, १८९९ मध्ये कप विजेता आणि १९०० मध्ये लीगमध्ये दुसरा होता. १९०२ मध्ये त्याने पुन्हा कप जिंकला. कर्णधार अर्नेस्ट नीडहॅम हा इंग्लंडच्या त्या काळच्या उत्तम हाफबॅकांपैकी एक. गोलरक्षक विल्यम फूक, वीस स्टोनच्या आसपास, म्हणजे सुमारे १२७ किलो वजनाचा. त्याच्या देहाच्या गोष्टी इतक्या सांगितल्या जातात की तो इंग्लंडकडून खेळलेला, चपळ हाताचा गोलरक्षक होता हे मागे पडतं. वाटेत या संघाने सुंदरलंड, एव्हर्टन, वुल्व्ज आणि फेरसामन्यात ॲस्टन व्हिला यांना हरवलं होतं. टॉटनहॅमपेक्षा हा मार्ग कठीण होता.

क्रिस्टल पॅलेसला खरंच एक लाखाहून जास्त लोक होते?

हो. १,१०,८२० हा आकडा सर्वाधिक वापरला जातो, काही नोंदींत १,१४,८१५ आहे. कुठलाही धरला तरी फुटबॉल सामन्याला लाखाचा आकडा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यात आणि सामनाही लंडनमध्ये, त्यावर उत्तरेतून येणाऱ्या स्वस्त सहलगाड्या. सगळं एकत्र जुळून आलं.

आजच्या स्टेडियमचं चित्र मात्र डोळ्यांसमोर आणू नये. ते एका मोठ्या बागेतलं खोलगट मैदान होतं. एका बाजूला बसायचे मंडप आणि उरलेल्या बाजूंना गवताचे उतार, ज्यांवर लोक उभे. मागच्यांना नीट दिसत नसे. झाडांवर चढून सामना पाहणारे त्या काळच्या वर्णनांत हमखास भेटतात. मोजलेली गर्दी आणि सामना दिसलेली गर्दी यांत बराच फरक होता.

तो वादग्रस्त गोल नेमका काय होता?

शेफील्डच्या प्रीस्टने सुरुवातीलाच गोल केला. किरवानच्या फ्री किकवर ब्राउनने हेडरने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर ब्राउनने जोरदार फटक्याने टॉटनहॅमला २-१ आघाडी मिळवून दिली. त्यानंतर जेमतेम एक मिनिट गेलं असेल.

शेफील्डच्या लिपशॅमने डावीकडून फटका मारला. क्लॉलीच्या हातून चेंडू सुटला. तो सावरतो तोच बेनेट त्याच्यावर धावून आला आणि चेंडू गोलखांबाच्या बाहेरून गेला. क्लॉली गोल किक मागत होता. लाइन्समनने कॉर्नरचा इशारा केला. पंच आर्थर किंग्सकॉट यांनी मात्र गोल दिला. त्यांच्या मते क्लॉलीच्या हातून चेंडू पहिल्यांदा सुटला तेव्हाच तो रेषेच्या आत गेला होता.

म्हणजे वाद बेनेटने चेंडू बाहेर मारला की नाही यावर नव्हता. वाद त्याआधीच्या क्षणाचा होता, आणि बऱ्याच लिखाणात हे उलटंपालटं होतं. किंग्सकॉट मैदानाच्या मध्यावरून येत होते, गोलरेषेच्या सरळ ओळीत नव्हते. या सामन्याचं चलचित्रण झालं होतं आणि ते पाहणाऱ्यांचं मत चेंडू रेषेबाहेरच होता असं पडलं. निकाल बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. सामना २-२ राहिला.

गोलरक्षकावर धावून जाणं फाउल नव्हतं का?

नव्हतं. गोलरक्षकाच्या हातात चेंडू असेल तर त्याला खांद्याने धक्का देणं नियमात बसत होतं. म्हणूनच चांगले गोलरक्षक चेंडू छातीशी धरण्यापेक्षा मुठीने दूर ठोकून देत. ओला चेंडू पकडायला जाणं म्हणजे समोरून येणाऱ्या फॉरवर्डला आमंत्रण.

जुने फोटो आणि वृत्तान्त वाचताना आणखी काय लक्षात ठेवायचं?

गोलरक्षक वेगळ्या रंगाचा सदरा घालत नसे. तो नियम १९०९ चा. फोटोत गोलरक्षक शोधायचा तर कपड्यांवरून नाही, जागेवरून शोधावा. पाठीवर आकडेही नव्हते, त्यामुळे वृत्तपत्रांत गोल कुणाचा याबद्दल मतभेद आढळतात.

गोलरक्षकाला आपल्या पूर्ण अर्ध्या मैदानात चेंडू हाताळता येई, हे १९१२ पर्यंत चाललं. आजची चौकोनी पेनल्टी पेटीही नव्हती. ती १९०२ मध्ये आली. तोवर गोलरेषेपासून १२ यार्डांवर मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक रेषा असे आणि तिच्यावर कुठूनही पेनल्टी घेता येई. गोलाजवळची खूण म्हणजे दोन खांबांभोवती काढलेले अर्धगोल.

ऑफसाइडला पुढच्या बाजूस तीन प्रतिस्पर्धी लागत, दोनचा नियम १९२५ चा. बदली खेळाडू नाही. कुणाचा पाय मोडला तरी उरलेल्या दहांनीच खेळायचं. चेंडू चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंड चामडी नाडीने आवळलेलं, वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. हे वजन सामना सुरू होतानाचं. पाऊस पडला की चामडं पाणी शोषून घेई आणि नाडीच्या बाजूवर हेडर बसला तर कपाळ सोलवटून निघे.

फेरसामना बोल्टनलाच का?

आधी लिव्हरपूलमधलं गुडिसन पार्क ठरलं होतं. त्याच दिवशी शहरात लिव्हरपूल क्लबाचा लीग सामना होता, त्यांनी हरकत घेतली आणि सामना बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर गेला. शेफील्डहून अंतर ठीक होतं, लंडनहून नाही.

अडचण रेल्वेची झाली. बोल्टन स्थानकाचं बांधकाम चालू होतं आणि लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने सवलतीची सहल तिकिटं द्यायला नकार दिला. त्या काळी उत्तर-दक्षिण प्रवास करणारा कामगार प्रेक्षक संपूर्णपणे या सवलतीवर अवलंबून होता. २७ एप्रिलला मैदानात जेमतेम वीस हजार लोक जमले, आठवड्यापूर्वीच्या एक पंचमांशाहूनही कमी. लाखाच्या गर्दीचा अंदाज बांधून गावातल्या दुकानदारांनी मांसाच्या 'पाय' (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) भरमसाट भाजून ठेवल्या होत्या. त्या तशाच पडून राहिल्या. बोल्टनमध्ये तो दिवस 'पाय सॅटरडे' म्हणून लक्षात राहिला.

फेरसामन्यात काय झालं?

पूर्वार्धात पुन्हा प्रीस्टनेच शेफील्डला पुढे नेलं. मध्यंतरानंतर कॅमेरॉनने बरोबरी केली, स्मिथने आघाडी मिळवून दिली आणि शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवरून ब्राउनच्या हेडरने ३-१ झालं. या वेळी वादाला जागा नव्हती.

ब्राउनने किती गोल केले?

पंधरा. प्रेस्टनविरुद्ध १ आणि ३, बरीविरुद्ध २, रेडिंगच्या फेरसामन्यात २, वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध ४, अंतिम सामन्यात २ आणि फेरसामन्यात १. संघाने आठ सामन्यांत एकूण २० गोल केले, त्यांतले तीनचतुर्थांश एकट्याचे. उरलेले पाच : कॅमेरॉन २, किरवान, कोपलंड आणि स्मिथ प्रत्येकी १.

'प्रत्येक सामन्यात गोल' असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक. रेडिंगच्या पहिल्या सामन्यात त्याचा गोल नाही. 'प्रत्येक फेरीत गोल' हे बरोबर.

कपला फिती बांधायची प्रथा इथूनच सुरू झाली का?

हो. विजयानंतरच्या मेजवानीत टॉटनहॅमच्या एका संचालकाच्या पत्नीने कपच्या कानांना निळ्या-पांढऱ्या फिती बांधल्या. तेव्हापासून विजेत्याच्या रंगाच्या फिती बांधल्या जातात.

मग आज दिसतो तोच हा कप का?

नाही. मूळ कप १८९५ मध्ये बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या काचेतून चोरीला गेला. तो तेव्हा ॲस्टन व्हिलाकडे होता. त्याच घडणीचा दुसरा कप बनवला, तोच टॉटनहॅमने जिंकला. १९११ मध्ये तो लॉर्ड किनेअर्ड यांना भेट देण्यात आला आणि ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी कंपनीने आजच्या आकाराचा मोठा कप घडवला.

त्या हंगामातल्या संघांच्या यादीतले काही क्लब आज दिसत नाहीत. ते बुडाले का?

बहुतेकांची नावं बदलली. न्यूटन हीथ १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. स्मॉल हीथ म्हणजे आजचा बर्मिंगहॅम सिटी. वुलिच आर्सेनल म्हणजे आर्सेनल, तेव्हा अजून थेम्सच्या दक्षिणेला.

त्या वेळी भारतात अशा स्पर्धा होत्या का?

होत्या, आणि त्याच बाद पद्धतीच्या. सिमल्याची ड्युरँड १८८८ पासून, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासून, कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ पासून. विजेते तेव्हा ब्रिटिश संघच असत, बहुतेक पलटणींचे. मोहन बागानने शील्ड जिंकली १९११ मध्ये. रोव्हर्स कप भारतीय संघाच्या हाती यायला १९३७ उजाडलं, तेव्हा बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला.

लीगबाहेरचा दुसरा कुठला संघ नंतर कप जिंकला?

एकही नाही. लीग सुरू झाल्यापासून असा विजेता टॉटनहॅम एकटाच. अंतिम सामन्यापर्यंत पोचलेले इतर दोनच : १८९० चा शेफील्ड वेन्सडे आणि १९०० व १९०२ चा साउदॅम्प्टन.

कारण मुख्यतः रचनेत आहे. टॉटनहॅम स्वतः १९०८ मध्ये लीगमध्ये गेला. १९२० मध्ये सदर्न लीगची वरची श्रेणी जवळपास पूर्णच लीगच्या नव्या तिसऱ्या श्रेणीत सामावली गेली. लीगच्या तोडीचे क्लब लीगबाहेर उरलेच नाहीत. पुढे १९२५-२६ पासून पहिल्या दोन श्रेण्यांचे संघ थेट ६४ संघांच्या तिसऱ्या फेरीत उतरू लागले. लीगबाहेरच्या क्लबाला तिथे पोचण्याआधीच अनेक फेऱ्या खेळून दमावं लागतं. १९१४ मध्ये सदर्न लीगचा क्वीन्स पार्क रेंजर्स शेवटच्या आठांत पोचला. त्यानंतर लीगबाहेरचा संघ तिथे दिसला तो थेट २०१७ मध्ये. तो लिंकन सिटी होता, आणि त्याला आर्सेनलने ५-० हरवलं.